भोर, बेव्हरिज आणि एक अर्धउघडं दार

१८७८ साली नाशिकात एका भारतीय ख्रिस्ती कुटुंबात एक मुलगा जन्मला. पुढच्याच वर्षी बंगालातल्या रंगपूरला एका आय.सी.एस. न्यायाधीशाच्या घरी दुसरा जन्मला. पहिल्याचं नाव जोसेफ विल्यम भोर, दुसऱ्याचं विल्यम बेव्हरिज. नाशिकचा मुलगा पुण्याच्या बिशप्स हायस्कुलात आणि डेक्कन कॉलेजात शिकला, लंडनला गेला, आय.सी.एस. होऊन परतला आणि चढत चढत व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळापर्यंत पोचला. रंगपूरचा मुलगा इंग्लंडात वाढला आणि तिथला नामांकित अर्थतज्ज्ञ झाला. त्याची आई ॲनेट मूळची मुलींची शाळा काढायला कलकत्त्याला आलेली बाई. पुढे तिनेच हुमायूननामा आणि बाबरनामा इंग्रजीत आणले.

डिसेंबर १९४२ मध्ये, ऐन महायुद्धात, बेव्हरिजचा सामाजिक विम्यावरचा अहवाल लंडनमध्ये प्रसिद्ध झाला आणि तो विकत घ्यायला रांगा लागल्या. सरकारी अहवालासाठी रांगा लागण्याचं दुसरं उदाहरण आठवत नाही. दारिद्र्य, रोगराई, अज्ञान, बकाली आणि बेकारी या पाच राक्षसांशी लढण्याची भाषा त्यात होती, आणि सर्वांसाठी एक आरोग्यसेवा असेल हे त्यात गृहीतच धरलेलं होतं. वर्ष उलटण्याच्या आत, ऑक्टोबर १९४३ मध्ये, हिंदुस्थान सरकारने आपल्याकडची आरोग्यव्यवस्था तपासून पुढचा आराखडा करण्यासाठी समिती नेमली. अध्यक्ष होते निवृत्त झालेले सर जोसेफ भोर.

या दोन अहवालांचं पुढे काय झालं, हे यंदा पुन्हा पाहावंसं वाटलं त्याला कारण आहे. २०२५ हे वर्ष ब्रिटनच्या नॅशनल हेल्थ सर्व्हिससाठी, म्हणजे एन.एच.एस.साठी, मोठ्या उलथापालथीचं ठरलं. १३ मार्चला पंतप्रधान कीर स्टार्मर यांनी 'एन.एच.एस. इंग्लंड' ही सेवेचा कारभार पाहणारी संस्थाच मोडीत काढून तिचं काम पुन्हा मंत्रालयाकडे घेण्याची घोषणा केली. जुलैत पुढच्या दहा वर्षांची योजना आली. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत त्यातली एकच ओळ गाजली: डॉक्टरांच्या प्रशिक्षणाच्या जागांवर यापुढे ब्रिटनमध्ये शिकलेल्यांना प्राधान्य. पुण्या-मुंबईच्या एम.बी.बी.एस.च्या वसतिगृहांत या ओळीने जी अस्वस्थता पसरवली, तिचं मूळ भोर आणि बेव्हरिज यांच्या अहवालांत आहे.

आधी भोर समितीबद्दल. तिचा अहवाल १९४६ मध्ये आला. खंड चार. आज तो वाचताना दोन गोष्टी ठळक दिसतात. एक म्हणजे त्यातले आकडे. ब्रिटिश हिंदुस्थानात साधारण ६,३०० माणसांमागे एक डॉक्टर आणि ४३,००० माणसांमागे एक परिचारिका, असा समितीचा हिशोब होता. दुसरी म्हणजे त्यातली हिंमत. पैसे नाहीत म्हणून कोणाही व्यक्तीला पुरेशी वैद्यकीय सेवा नाकारली जाऊ नये, हे तत्त्व समितीने सुरुवातीलाच मांडलं. एन.एच.एस. प्रत्यक्षात यायला तेव्हा दोन वर्षं अवकाश होता. समितीने सल्ल्यासाठी बोलावलेल्यांत ऑक्सफर्डचे जॉन राइल होते आणि सोव्हिएत आरोग्यव्यवस्थेवर लिहिणारे अमेरिकेतले वैद्यक-इतिहासकार हेन्री सिगरिस्टही होते. दिल्लीत बसलेली ही मंडळी जगात त्या घडीला चाललेल्या सगळ्यात पुढच्या विचारांशी बोलत होती.

समितीच्या शिफारशी अनेक. मला इथे दोनच महत्त्वाच्या वाटतात. पहिली प्राथमिक आरोग्य केंद्राची. दूरच्या पल्ल्यात दहा ते वीस हजार लोकवस्तीमागे एक केंद्र आणि तिथे ७५ खाटांचं रुग्णालय. तोवरची सोय म्हणून चाळीस हजारांमागे एक केंद्र. दुसरी शिफारस डॉक्टरच्या पदवीची. त्या काळी आपल्याकडे दोन प्रकारचे डॉक्टर होते. ग्रँट मेडिकल किंवा के.ई.एम.चं सेठ जी.एस. मेडिकल यांसारख्या कॉलेजांतून विद्यापीठाची पदवी घेऊन निघालेले, आणि मेडिकल स्कूलमध्ये कमी मुदतीचा अभ्यासक्रम करून परवाना मिळवलेले. तालुक्याच्या गावी आणि बाजारपेठेत जो 'डॉक्टर' भेटे, तो बहुधा दुसरा. समितीच्या बहुमताने ठरवलं की हा भेद नको, देशात एकच पदवी असावी आणि तिचा दर्जा उच्च असावा. काही सदस्यांना ते पटलं नाही. डॉक्टरांचा एवढा दुष्काळ असताना परवानाधारकांची पैदास बंद करणं परवडणारं नाही, असं सांगत त्यांनी भिन्नमत नोंदवलं. बहुमताचा विजय झाला. पुण्याचं बी.जे. मेडिकल स्कूल १९४६ मध्येच कॉलेज झालं.

पुढे काय घडलं ते आपण पाहतोच. पदवीची शिफारस देशाने मनापासून अमलात आणली. केंद्राची आणली, पण अंगात ताप असल्यासारखी. १९५२ पासून सामूहिक विकास योजनेत प्राथमिक आरोग्य केंद्रं उघडू लागली ती एका ब्लॉकला एक या हिशोबाने आणि मूठभर खाटांची. ७५ खाटांचं रुग्णालय अहवालातच राहिलं. असं का व्हावं, याचं उत्तर पैशात आहे, तसंच प्रतिष्ठेतही आहे असं मला वाटतं. मेडिकल कॉलेज ही मंत्र्याने फीत कापावी अशी वास्तू असते. खेड्यातल्या केंद्रात दररोज औषध पोचणं ही फीत कापण्याची गोष्ट नव्हे. शिवाय पदवीच्या दर्जाशी एक जुना अपमान जोडलेला होता. १९३० साली ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलने हिंदुस्थानी पदव्यांची मान्यता काढून घेतली होती आणि त्यातून १९३३ चा मेडिकल कौन्सिलचा कायदा झाला होता. पुन्हा कोणी बोट दाखवू नये, हा विचार त्या पिढीच्या मनात पक्का बसलेला असणार.

तेव्हा झालं असं: एक गरीब देश, आपल्या करदात्यांच्या पैशातून, ब्रिटिश मापाने मोजलेले डॉक्टर घडवू लागला. शिकवण्याची भाषा इंग्रजी. शस्त्रक्रियेला बेली आणि लव्ह, रुग्णतपासणीला हचिसन. पदवी लंडनच्या कौन्सिलला मान्य. आणि ज्या खेड्यासाठी हा डॉक्टर घडवायचा होता, तिथे त्याला बसायला नीट खोलीही नाही.

आता तिकडची बाजू. ५ जुलै १९४८ ला आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हनने मँचेस्टरजवळच्या पार्क हॉस्पिटलमध्ये जाऊन एन.एच.एस.चं उद्घाटन केलं. तिथे खाटेवर असलेली तेरा वर्षांची एक मुलगी या सेवेची पहिली रुग्ण म्हणून इतिहासात गेली. बेव्हन वेल्समधल्या ट्रेडेगर या खाणगावचा, स्वतः पोरवयात खाणीत उतरलेला. त्याच्या गावात खाणकामगारांनी पगारातून वर्गणी कापून स्वतःची वैद्यकीय मदत संस्था चालवली होती. तो नमुना त्याने सबंध देशावर पसरला. इंग्लंड-वेल्समधली अडीच हजारांहून अधिक रुग्णालयं एका दिवसात सरकारी झाली. उपचार कराच्या पैशातून, आणि दारात पैसे मागायचे नाहीत. हे तत्त्वही फार काळ सोवळं राहिलं नाही म्हणा. कवळ्या आणि चष्म्यांवर शुल्क लावायचं ठरलं तेव्हा १९५१ मध्ये बेव्हनने राजीनामा दिला, आणि १९५२ पासून औषधाच्या चिठ्ठीवर एक शिलिंग बसला.

सेवा मोफत झाली, डॉक्टर मात्र आकाशातून पडत नव्हते. त्यात १९५७ मध्ये विलिंक समितीने एक घोडचूक केली. देशात लवकरच डॉक्टर जास्त होतील, तेव्हा वैद्यकीय प्रवेश दहाएक टक्क्यांनी कमी करा, असा सल्ला तिने दिला. त्याच सुमाराला ब्रिटिश डॉक्टर कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलियाची वाट धरत होते. १९६२ मध्ये आरोग्यमंत्री इनॉक पॉवेल यांनी नव्वद नव्या रुग्णालयांची भव्य योजना जाहीर केली. भिंती उभ्या राहणार, वॉर्डात रात्रपाळीला उभं कोण राहणार? त्याच वर्षी राष्ट्रकुलातल्या लोकांच्या स्थलांतरावर पहिली बंधनं आली, पण परवान्यांच्या यादीत डॉक्टर-परिचारिकांसाठी वेगळी वाट ठेवलेली होती. ग्रँट, जी.एस., बी.जे.तून निघालेल्या तरुणाला लंडनच्या विमानात बसायला तेव्हा वेगळी परीक्षा नव्हती. त्याची पदवी तिथे चालत होती. सहा वर्षांनी हेच पॉवेल बर्मिंगहॅमच्या कुप्रसिद्ध भाषणात स्थलांतरितांविरुद्ध आग ओकले. ज्यांच्या खांद्यावर त्यांचं खातं चाललं होतं, त्यांत आपले लोक होते.

कुठे गेले हे डॉक्टर? आपल्याकडे आठवण राहिली ती 'लंडन रिटर्न' मंडळींची. सातारा, सांगली, नागपूर, कुठेही जा, जुन्या दवाखान्याच्या पितळी पाटीवर नावाखाली एफ.आर.सी.एस. आणि कंसात 'लंडन' किंवा 'एडिनबरो'. ते परतले म्हणून पाटी दिसते. जे राहिले त्यांची कथा वेगळी आहे. लंडनच्या नामांकित रुग्णालयांत बढतीच्या जागा त्यांना सहसा मिळाल्या नाहीत. मिळालं ते इंग्रज तरुणांना नको होतं ते: वृद्धांचे वॉर्ड, मनोरुग्णालयं, आणि कोळशाच्या खाणींच्या वस्त्यांतले, कापडगिरण्यांच्या शहरांतले फॅमिली डॉक्टरचे दवाखाने. दक्षिण वेल्सच्या काही खोऱ्यांत तर एका काळी बहुतेक फॅमिली डॉक्टर भारतीय उपखंडातले होते. १९८० च्या दशकात सगळ्या ब्रिटनचा विचार केला तरी फॅमिली डॉक्टरांपैकी साधारण सहांत एक जन्माने दक्षिण आशियाई होता. म्हणजे बेव्हनने ज्या खाणकामगारांना डोळ्यांसमोर ठेवून ही सेवा उभारली, त्यांची नाडी धरायला शेवटी भोर समितीच्या पदवीचा माणूस बसला.

वेल्समध्येच काम करणारे डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एक नियम मांडला: चांगली वैद्यकीय सेवा जिथे सर्वांत जास्त हवी, तिथेच ती सर्वांत कमी मिळते. ब्रिटनने हा नियम काही अंशी मोडला तो दुसऱ्याचे डॉक्टर आणून. आणि त्यामुळे आपल्याकडे तो अधिक खरा ठरला. अर्थात एवढ्यावरून त्या डॉक्टरांना पळपुटे म्हणायला मी तयार नाही. केंद्रच नसलेल्या गावात राहा असं पदवीधराला सांगणं सोपं असतं, विशेषतः स्वतः शहरात राहून.

इथे एक वळण घेऊन मागे जायला हवं, कारण या कथेत एक डॉक्टर असा आहे ज्याने दोन्ही देशांचा धागा फार आधी ओवला होता. पंजाबचे डॉ. चुनीलाल कत्याल १९२७ मध्ये इंग्लंडला गेले आणि पूर्व लंडनच्या कॅनिंग टाउन या गोदी-कामगारांच्या वस्तीत दवाखाना थाटून बसले. १९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी आलेले गांधीजी आणि चार्ली चॅप्लिन यांची भेट झाली ती कत्यालांच्या घरी. आपल्याकडे तो फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो, यजमानाचं नाव कोणाला ठाऊक नसतं. पुढे कत्याल फिन्सबरी भागात गेले, नगरसेवक झाले, सार्वजनिक आरोग्य समितीचे प्रमुख झाले आणि १९३८ मध्ये महापौरही. त्याच वर्षी बर्थोल्ड लुबेटकिन या वास्तुकाराने आखलेलं फिन्सबरी हेल्थ सेंटर उघडलं. दातांचा दवाखाना, क्षयाचा दवाखाना, पायांची तपासणी, घरांचं निर्जंतुकीकरण असं सगळं एका छपराखाली, आणि गरिबांच्या वस्तीत. इमारतीला दोन पंख असे की हात पसरून बोलावतेय असं वाटावं. युद्धकाळात एब्राम गेम्स या चित्रकाराने उद्याचं ब्रिटन कसं असेल हे सांगणाऱ्या पोस्टरवर ही इमारत दाखवली आणि मागे जुनी पडकी वस्ती, तिच्यात मुडदुशी पोर. चर्चिलला ते पोस्टर रुचलं नाही, ते मागे घेतलं गेलं. एन.एच.एस.चा इतिहास लिहिणारे आज या केंद्राला तिचं पूर्वरूप मानतात.

आरोग्य केंद्र ही कल्पना १९२० च्या डॉसन अहवालात कागदावर उतरली, फिन्सबरीत विटांत उतरली, भोर समितीने ती खेड्यापर्यंत न्यायचं ठरवलं. आणि आता पाहा, ब्रिटनच्या २०२५ च्या दहा वर्षांच्या योजनेत सगळ्यात गाजावाजा झालेली कल्पना कोणती? प्रत्येक वस्तीत 'शेजारचं आरोग्य केंद्र', दिवसाला किमान बारा तास, आठवड्याला सहा दिवस उघडं. रुग्णालयाकडून वस्तीकडे, कागदाकडून डिजिटलकडे, आजाराकडून प्रतिबंधाकडे, अशी तीन स्थित्यंतरं योजनेने ठरवली आहेत. दुसरं सोडलं तर बाकीची दोन भोर अहवालात जशीच्या तशी सापडतील.

मधल्या काळात एन.एच.एस.ने किती वेळा कपडे बदलले! १९७४ मध्ये रचना बदलली. १९९१ पासून आतल्या आत बाजार सुरू झाला, एक सरकारी खातं विकणारं, दुसरं विकत घेणारं. २०१२ च्या कायद्याने मंत्र्याला रोजच्या कारभारापासून दूर ठेवण्यासाठी स्वतंत्र मंडळ आणलं, ते २०१३ मध्ये कामाला लागलं. तेच मंडळ आता मोडायचं आहे. ट्रेडेगरच्या दवाखान्यात भांडं पडलं तरी त्याचा आवाज वेस्टमिन्स्टरमध्ये घुमला पाहिजे, या अर्थाचं वाक्य बेव्हनच्या नावावर सांगितलं जातं. मंत्र्याचे कान तेरा वर्षं झाकले होते, ते आता उघडणार, असा याचा अर्थ. निमित्त झालं ते सप्टेंबर २०२४ मध्ये लॉर्ड आरा दार्झी यांनी दिलेल्या अहवालाचं. सेवा गंभीर अवस्थेत आहे, असं निदान त्यांनी केलं. अठरा आठवड्यांत उपचार सुरू करण्याचं वचन दहा वर्षांत पाळलं गेलेलं नाही. रांगेत सत्तर लाखांहून अधिक नोंदी आहेत. हे निदान करणारे शल्यविशारद स्वतः बगदादमध्ये जन्मलेले आर्मेनियन आहेत, ही नोंदही करून ठेवतो.

पण आपल्या विषयाचं दार या फेरबदलांत एकदाच नाही, वारंवार उघडलं-मिटलं. १९७५ मध्ये भारतीय पदव्यांची थेट मान्यता पुन्हा गेली आणि पुढे प्लॅब या नावाने ओळखली जाणारी चाचणी आली. २००६ च्या वसंतात एक दिवस असा उगवला की परदेशी डॉक्टरांना परवान्याशिवाय प्रशिक्षण घेण्याची सवलतच रद्द. हजारो तरुण तेव्हा ब्रिटनमध्ये पोचलेले होते. लंडनच्या ईस्ट हॅम भागात दाटीवाटीने खोल्यांत राहून, देवळातल्या जेवणावर दिवस काढणाऱ्या बेकार भारतीय डॉक्टरांच्या बातम्या त्या काळात आल्या. भारतीय वंशाच्या डॉक्टरांची संघटना 'बापिओ' न्यायालयात गेली, आणि आधीच व्हिसा मिळालेल्यांना डावलण्याच्या सूचना २००८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने बेकायदा ठरवल्या. मग पुन्हा तुटवडा. २०१९ मध्ये सगळेच डॉक्टर तुटवड्याच्या यादीत गेले, आणि नंतरच्या नियमांत 'आधी स्थानिक उमेदवार शोधा' ही अटही उरली नाही. २०२० च्या कोविडात तिथे जे पहिले दहा डॉक्टर मृत्युमुखी पडले, ते दहाही अल्पसंख्य वंशांचे होते. त्या वसंतात दर गुरुवारी संध्याकाळी लोक दारात उभे राहून टाळ्या वाजवत.

आणि आता २०२५. विशेषज्ञ प्रशिक्षणाच्या सुमारे दहा हजार जागांना तीस हजारांहून अधिक अर्जदार. तिथे शिकलेली, डोक्यावर शैक्षणिक कर्ज असलेली मुलं विचारतात की आम्ही कुठे जायचं. जुलैत तिथल्या निवासी डॉक्टरांचा पाच दिवसांचा संप झाला. मागणी पगाराची होती, पण जागांचं दुखणं पाठीमागे होतंच. योजनेचं उत्तर असं: पदवीनंतरच्या पायाभूत प्रशिक्षणात ब्रिटनच्या पदवीधरांना प्राधान्य, विशेषज्ञ प्रशिक्षणात त्यांना आणि एन.एच.एस.मध्ये बराच काळ काम केलेल्या इतरांना, शिवाय एक हजार नव्या जागा. परदेशातून होणारी भरती २०३५ पर्यंत दहा टक्क्यांच्या खाली आणायची. जुलैपासून वृद्धसेवेतल्या मदतनिसांची परदेशातून भरती बंद झालीच आहे. कायमच्या वास्तव्यासाठी पाचऐवजी दहा वर्षं थांबावं लागेल, असा प्रस्ताव मे महिन्याच्या श्वेतपत्रिकेत आहे. आज तिथल्या नोंदणीकृत डॉक्टरांपैकी पाचांत जवळपास दोन बाहेर शिकलेले असताना हे सगळं ठरतं आहे.

माझं मत विचाराल तर ब्रिटनला दोष देणं मला जमत नाही. स्वतःचे डॉक्टर स्वतः घडवावेत, दुसऱ्या गरीब देशांचे नेऊ नयेत, हे नीतीला धरूनच आहे. इतकी वर्षं आपणच तर तसं म्हणत होतो. दोष आहे तो वागण्याच्या पद्धतीत. गरज असेल तेव्हा जाहिराती आणि नसेल तेव्हा मध्येच बदललेले नियम, तेही घर विकून, कर्ज काढून परीक्षा देत बसलेल्यांसाठी. १९५७ च्या विलिंक समितीचा इतिहास पाहता, आजचा अंदाजही चुकेल आणि दहा वर्षांनी दार पुन्हा किलकिलं होईल, अशी शंका मला येते.

आपली बाजू मात्र अवघड आहे. जाणाऱ्यांचा रस्ता अरुंद झाला म्हणून ते नंदुरबारला किंवा गडचिरोलीला जातील, असं मानणं भाबडेपणाचं. ते जर्मन शिकतील किंवा ऑस्ट्रेलियाची परीक्षा देतील, नाहीतर कोट्यवधीची पी.जी.ची जागा शोधतील. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचं ठरलं होतं. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यात तो १.८४ टक्के होता, आणि तोही कोविडचं वर्ष धरून. सक्तीच्या ग्रामीण सेवेचे बाँड आपण लिहून घेतो. दंड भरून ते मोडले जातात. भोर अहवालाच्या एका पानावर भिन्नमत लिहिणाऱ्या सदस्यांचं म्हणणं मी तीनदा वाचलं. ते मागासलेले नव्हते, त्यांना फक्त तालुक्याचं गाव दिसत होतं.

प्लॅबचा पहिला टप्पा मुंबईतही देता येतो. दुसऱ्यासाठी मँचेस्टरला जावं लागतं. तिथे खोट्या रुग्णांनी भरलेल्या एकेका कक्षात, मोजून काही मिनिटांत, उमेदवाराने इंग्रजीत विचारपूस करायची असते, हात धुवायचे असतात, धीर द्यायचा असतो. बेव्हनने ज्या पार्क हॉस्पिटलात सेवेचं उद्घाटन केलं, ते तिथून काही मैलांवर आहे. त्याचं नाव आता ट्रॅफर्ड जनरल. यंदाही आपल्याकडची मुलं त्या परीक्षेला बसली आहेत. फी आधीच भरलेली होती.